पंप हवा की जागा?

(कंपन्या विकत घेणाऱ्यांचा धंदा आणि कामगार, या विषयावर चिंचवड येथे गिरणी कामगारांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून तुमच्यातले काही जण हसले असतील. शेअर, भागभांडवल, कंपनीचा ताबा! आपल्याला काय करायचंय त्याच्याशी? आपण साचे चालवले, थ्रॉसल खात्यात उभे राहिलो, पाळी संपली की पगाराची वाट पाहिली. शेअरबाजार दलाल स्ट्रीटला आणि आपण लालबाग-परळला. मधले अंतर बसने अर्ध्या तासाचे. पण या अर्ध्या तासाच्या पलीकडे बसून माणसे जे ठरवत होती, त्यावर आपली चूल पेटायची की विझायची हे ठरत होते.

रात्रपाळीचा भोंगा झाला तेव्हा कंपनी एकाची होती आणि सकाळच्या भोंग्याला दुसऱ्याची झाली, असे या देशात अनेकदा झाले आहे. साचा तोच, मुकादम तोच, फाटकावरची पाटीसुद्धा तीच. कामगाराला पत्ता लागतो तो सहा महिन्यांनी, जेव्हा कच्चा माल यायचा थांबतो किंवा पगाराची तारीख पुढे सरकते. म्हणून हा धंदा कसा चालतो ते आज नीट समजून घेऊ. शिव्या नंतर देऊ. आधी हिशेब पाहू.

कंपन्यांवर धाड घालणारा हा प्राणी कोण? आपल्या इतिहासात पेंढारी होते. ते गाव लुटायचे आणि पसार व्हायचे. हा नवा पेंढारी गाव लुटत नाही, गाव विकत घेतो. आणि तेही सगळे नाही, पाटीलकी हातात येईल एवढेच.

समजा, एका गिरणीचे एक लाख शेअर आहेत आणि बाजारात एका शेअरचा भाव ६० रुपये आहे. म्हणजे बाजाराच्या मते सगळी गिरणी साठ लाखांची. पण गिरणीखालची जमीन विकली तर पाच कोटी येतील. ती जमीन वहीत आजोबांच्या वेळच्या किमतीला लिहिलेली, म्हणून कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. मालक घराण्याकडे शेअर किती? दहा हजार. शेकडा दहा! उरलेले शेअर विमा कंपनीकडे, बँकेकडे, पेन्शनीत निघालेल्या मास्तरांकडे आणि विधवा बायांकडे विखुरलेले. आता कोणी वीस-बावीस लाख घालून गुपचूप तीस-पस्तीस हजार शेअर गोळा केले, तर पाच कोटींच्या मालमत्तेच्या किल्ल्या त्याच्या कमरेला! शेकडा दहावर जो मालक म्हणून मिरवत होता, तो बाहेर. सगळा धंदा एवढाच आहे. कागदाचा भाव आणि वस्तूची किंमत यांच्यात जी फट असते, तिच्यात पाचर मारायची.

एक गोष्ट इथेच लक्षात घ्या. ही फट धाड घालणारा पाडत नाही. ती जुन्या मालकाच्या आळसाने पडलेली असते. शेकडा दहा पैसे घालून शेकडा शंभरचा रुबाब करायचा, यंत्रे बदलायची नाहीत, नफा दुसरीकडे वळवायचा, भागीदारांना चार आणे टेकवायचे. अशा घराची खिडकी उघडी असते. चोर आला म्हणून ओरडणाऱ्याला आधी विचारा, बाबा रे, कडी का नव्हती लावलीस?

हा खेळ जुना आहे. स्वातंत्र्याला दहा वर्षे झाली नव्हती तेव्हा कोलकात्याचे हरिदास मुंध्रा यांनी एकामागून एक कंपन्यांचा ताबा मिळवला. त्यांत कानपूरची ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन होती, म्हणजे तुमच्याच जातीच्या कापड गिरण्या. मुंबईची रिचर्डसन अँड क्रुडास होती, जेसप होती. पैसा कमी पडला तेव्हा काय झाले? जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने त्यांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटीच्या घरातले शेअर घेतले. महामंडळ स्थापन होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. डिसेंबर १९५७ मध्ये फिरोझ गांधींनी लोकसभेत हे प्रकरण उघडे पाडले. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी मुंबईत उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

मंत्री गेले, हे सगळ्यांना आठवते. पैसा कोणाचा होता, हे कोणाला आठवते? आयुर्विम्याचा पैसा म्हणजे तुमच्या-आमच्या हप्त्यांचा पैसा. पोरीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी पोटाला चिमटा घेऊन भरलेला. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवावे तसा तो दुसऱ्याच्या जुगारावर ठेवला गेला.

पंचवीस वर्षांनी पुन्हा तोच पैसा पुढे आला. १९८२ च्या अंदाजपत्रकाने परदेशी राहणाऱ्या हिंदी माणसांना इथल्या कंपन्यांचे शेअर घ्यायला वाट मोकळी केली. १९८३ मध्ये लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी दिल्लीच्या दोन बड्या घराण्यांच्या एस्कॉर्ट्स आणि डीसीएम या कंपन्यांचे शेअर उचलले. घराण्यांनी शेअर नोंदवून घ्यायला नकार दिला. मोठा गहजब झाला. तेव्हा देशाला पहिल्यांदा कळले, की एस्कॉर्ट्समध्ये मालक म्हणवणाऱ्या नंदा घराण्याचा वाटा शेकडा पाचही नव्हता, आणि आयुर्विमा महामंडळ व इतर सरकारी संस्थांचा मिळून शेकडा ५२ होता! म्हणजे खरी मालक जनता आणि राज्य करणारा नोकर. महामंडळाने डायरेक्टर बदलण्यासाठी सभा मागितली, तिच्यावरून खटला मुंबई हायकोर्टात आणि मग सुप्रीम कोर्टात गेला. डिसेंबर १९८५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितले की भागधारकाला सभा मागण्याचा हक्क आहे आणि त्यासाठी त्याने कारणे सांगत बसण्याची गरज नाही. पॉल यांनी शेवटी शेअर परत विकले आणि ते या मैदानातून निघाले. पण भिंतीला भोक पडले ते पडलेच.

त्या भोकातून जे आले त्यांत सर्वांत मोठे नाव मनू छाब्रिया यांचे. आणि त्यांची कहाणी आपल्याला या चिंचवडच्या रस्त्यावर आणून सोडते.

छाब्रिया मुंबईचेच. लॅमिंग्टन रोडवर रेडिओचे सुटे भाग विकणारे घरचे दुकान. १९७० नंतरच्या काळात ते दुबईला गेले. १९७४ मध्ये तिथे जम्बो इलेक्ट्रॉनिक्स सुरू झाली आणि बघता बघता ती आखातात सोनीच्या मालाची मोठी वितरक बनली. तेलाचा पैसा नुकता वाहू लागला होता. आपल्याकडून आखातात गेलेला गवंडी, सुतार, फिटर गावी येताना खांद्यावर जो टेपरेकॉर्डर मिरवत आणी, त्या व्यापारात हे गृहस्थ मोठे झाले. दुकानदाराची नजर आणि दुकानदाराचे गणित: स्वस्तात उचलायचे, धीर धरायचा. याला मी दोष देत नाही. लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून दुबईच्या पेढीपर्यंत जाणे ही काही साधी मजल नव्हे.

मग १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी हिंदुस्थानातल्या जुन्या विलायती कंपन्या उचलायला सुरुवात केली. विलायतीच का? याचे उत्तर १९७३ च्या परकीय चलन कायद्यात आहे. त्या कायद्याने बहुतेक परदेशी कंपन्यांना आपला वाटा शेकडा चाळीसवर आणावा लागला. उरलेले शेअर इथल्या हजारो लहान माणसांत आणि सरकारी संस्थांत वाटले गेले. विलायतेतल्या मालकाचा जीव त्या धंद्यातून उडाला. नफा मर्यादित, कटकट अमर्याद. कोणी बरा भाव दिला तर सुटका!

आणि इथे गंमत बघा. विलायती मालकाकडचा चाळीस टक्क्यांच्या आतला वाटा लंडनच्या एखाद्या कंपनीच्या नावावर असे. ती लंडनची कंपनीच परदेशात विकत घेतली, की मुंबईच्या किंवा कोलकात्याच्या बाजारात एकही शेअर न हलता इथला कारखाना नव्या माणसाच्या हाती जाई. घराला हात न लावता घराची किल्ली ज्या पेटीत आहे ती पेटी विकत घ्यायची. कोलकात्याची शॉ वॉलेस, म्हणजे दारू गाळणारी जुनी पेढी, अशीच हाँगकाँगच्या एका गुंतवणूक कंपनीमार्फत छाब्रियांकडे आली. टायर बनवणारी डनलॉप रमाप्रसाद गोएंका यांच्या जोडीने घेतली. हिंदुस्थान डॉर-ऑलिव्हर, गॉर्डन वुड्रॉफ, फाल्कन टायर्स अशी माळ वाढत गेली. तिच्यात एक मणी चिंचवडचा होता: मॅदर अँड प्लॅट, पंप बनवणारी कंपनी. मुंबई-पुणे रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याने तिची पाटी पाहिलेली असणार.

या कंपनीशी गिरणी कामगाराचे जुने नाते आहे. मॅदर अँड प्लॅट मूळची मँचेस्टरची. तिचा कारखाना शेजारच्या सॅल्फर्डला. कापड धुण्याची, रंगवण्याची, छापण्याची यंत्रे बनवून ती मोठी झाली. कापसाच्या गिरणीत ठिणगी पडली की खाते भस्म. म्हणून १८८३ मध्ये विल्यम मॅदर यांनी अमेरिकेतल्या ग्रिनेलच्या आपोआप पाणी सोडणाऱ्या तोट्यांचे हक्क घेतले. तुमच्यातल्या जुन्या माणसांना खात्याच्या छताखालून गेलेले पाण्याचे नळ आठवत असतील. ती विद्या जगभरच्या गिरण्यांत पसरवणाऱ्यांत हे मॅदर होते.

त्याच मॅदर यांनी १८९३ मध्ये आणखी एक गोष्ट केली. कामगारांचा आठवडा ५३ तासांवरून ४८ तासांवर आणला आणि वर्षभर हिशेब ठेवला. पगार तोच, तास कमी. उत्पादन घटले का? नाही! पुढच्याच वर्षी विलायत सरकारने आपल्या तोफखान्याच्या कारखान्यांत हा पायंडा उचलला. तेव्हा मुंबईत काय चालले होते? आपले नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून गिरणीवाल्यांना विनवत होते, आठवड्याला एक सुट्टी द्या म्हणून. ती रविवारची सुट्टी मिळाली १८९० मध्ये. पुरुष कामगाराच्या तासांना कायद्याने पहिला लगाम बसला १९११ मध्ये, तोही बारा तासांचा! सॅल्फर्डचा मालक काही साधुसंत नव्हता. तो पंप आणि यंत्रे बनवणारा होता, आणि चांगले यंत्र थकलेल्या हाताने होत नाही एवढे त्याला कळत होते. ज्याला वस्तू बनवायची आहे, त्याला बनवणाऱ्याच्या हाताची काळजी घ्यावीच लागते. हे वाक्य गाठीला बांधा. पुढे उपयोगी पडणार आहे.

तर अशी ही कंपनी चिंचवडमार्गे दुबईच्या माळेत ओवली गेली. पुढे माळेचे काय झाले?

विकत घेणे सोपे आणि सांभाळणे अवघड, हे मिळवल्यावर कळते. शॉ वॉलेसमध्ये जुन्या व्यवस्थापकांशी वर्षानुवर्षे कोर्टबाजी झाली. डनलॉपमध्ये गोएंकांशी भागीदारी टिकली नाही. १९९० नंतर तर धाकट्या भावाशीच बिनसले आणि घरातले भांडण कंपन्यांच्या सभांत आणि कोर्टांत जाऊन उभे राहिले. वकिलांची चंगळ झाली. पण कारखान्यात भांडणाने टायर बनत नाही. डनलॉपचा साहागंजचा कारखाना, हुगळी जिल्ह्यातला, १९३६ पासूनचा, या देशातला पहिला टायर कारखाना. त्याला फेब्रुवारी १९९८ मध्ये टाळे लागले. छाब्रिया स्वतः एप्रिल २००२ मध्ये वारले.

त्यानंतर माळ तुटली आणि मणी एकेकाने उचलले. २००५ हे साल ध्यानात ठेवा. शॉ वॉलेस गेली विजय मल्ल्यांकडे, सुमारे १,३०० कोटींना. हिंदुस्थान डॉर-ऑलिव्हर गेली हैदराबादच्या एका बांधकाम कंपनीकडे. डनलॉप गेली कोलकात्याच्या पवन रुईयांकडे. आणि चिंचवडचा पंप? तो गेला जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या विलो कंपनीकडे. ही विलो करते काय? पंप बनवते!

आता शेजारी शेजारी ठेवून बघा. एकच मालक. त्याच्या हातातले दोन कारखाने, एक साहागंजला, एक चिंचवडला. एकाच वर्षी दोन्ही विकले गेले. साहागंज नव्या मालकाकडे गेल्यावर उघडला, बंद पडला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद पडला; शेवटी कोलकाता हायकोर्टाने कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. चिंचवडची कंपनी पंपवाल्याकडे गेली आणि पंपच बनवत राहिली. मॅदर अँड प्लॅट हे नावसुद्धा नव्या मालकाने आपल्या नावापुढे लावून घेतले. फरक कशाचा? कामगार इथला मेहनती आणि तिथला आळशी, असे कोणी म्हणेल तर त्याच्या तोंडावर सांगा की खोटे आहे. मालक देशी की परदेशी हाही फरक नव्हे. नवा मालक विकत काय घेत होता, हा फरक बराच मोठा होता. एकाला पंप हवा होता. पंप हवा असलेल्याला पंप बनवणारा कामगार हवाच असतो.

म्हणून बंधूंनो, कंपनीचा मालक बदलतोय असे कानावर आले की पहिला प्रश्न हा विचारायचा: याला पंप हवा की जागा? याला कापड हवं की कापडाखालची जमीन?

तुम्ही म्हणाल, हे धाड घालणाऱ्याला विचारा, आमच्या जुन्या घराण्याच्या शेटजींना कशाला? बरोबर! हाच गैरसमज मला काढायचा आहे. बॉम्बे डाईंगची गोष्ट ऐका. ती तुमच्या नायगाव-वरळीची आहे.

बॉम्बे डाईंग वाडिया घराण्याने १८७९ मध्ये काढली. १९७१ मध्ये नेव्हिल वाडिया ही कंपनी रमाप्रसाद गोएंकांना विकायला निघाले, तेच गोएंका, जे पुढे डनलॉपमध्ये छाब्रियांच्या जोडीला दिसतात. मुलाने, नस्ली वाडियांनी, विरोध केला. जे. आर. डी. टाटांची साथ घेतली, आप्तमित्रांकडून शेकडा ११ शेअर जमवले. आणि कंपनीतल्या नोकरवर्गाने आपली बचत एकत्र करून शेअर घ्यावेत, असा प्रयत्न झाला. विक्री थांबली. नोकरमाणसाच्या गाठीच्या पैशाचा आधार घराण्याला त्या दिवशी घ्यावा लागला.

मग २००० साली दुसरी धाड आली. कोलकात्याचे तागाच्या गिरण्यांचे मालक अरुण बजोरिया यांनी बाजारातून बॉम्बे डाईंगचे शेकडा १४ च्या वर शेअर गोळा केल्याचे उघड झाले. सगळ्या वर्तमानपत्रांत तेच. शेअरचा भाव आणि गिरण्यांच्या जमिनीची किंमत यांतली फट आता आंधळ्यालाही दिसत होती. सेबीकडे तक्रारी गेल्या, चौकश्या झाल्या. किल्ला पडला नाही. घराणे राहिले, धाड परतली.

चला, सुटलो! असेच वाटले ना? दगडापेक्षा वीट मऊ, परक्यापेक्षा आपला शेटजी बरा. पुढे ऐका. मुंबईच्या १९९१ च्या नियमाप्रमाणे गिरणीची जमीन विकसित करायची तर तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला आणि तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांना द्यायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी करायची ती फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीची, असे झाले. गिरणीची शेडं जिथे उभी होती ती जमीन वाटणीतून सुटली. तुमचा-आमचा वाटा आकसला. मुंबई हायकोर्टाने २००५ मध्ये याच्या उलट निकाल दिला होता, पण ७ मार्च २००६ रोजी सुप्रीम कोर्टाने नवा नियम उचलून धरला. त्या खटल्यात अपील करणाऱ्या कंपनीचे नाव काय? बॉम्बे डाईंग. आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वरळीची सुमारे २२ एकर जमीन एका जपानी समूहाच्या कंपनीला ५,२०० कोटी रुपयांना विकल्याचे जाहीर झाले. कोणाची? बॉम्बे डाईंगची.

यात बेकायदा काही होते असे मी म्हणत नाही. कोर्टाने कायदेशीर ठरवले, ते कायदेशीर. मी एवढेच दाखवतो, की धाड दोनदा परतवली आणि तरीही साचे थांबले. घराण्याने गिरणी वाचवली की जागा, हा प्रश्न धाडवाल्याला जितका लागू तितकाच घराण्यालाही लागू. कुंपण शेताला राखते असे आपण धरून चालतो. शेतापेक्षा शेताखालची माती महाग झाली, की कुंपणच शेत खाते.

शेतावरून आठवले. आपण बहुतेक कोकणातले, घाटावरचे. कूळकायदा तुम्हांला सांगायला नको. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. जो कसत होता, त्याला कायद्याने कसलेली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला, कारण त्याचा घाम तिच्यात मुरला होता. सातबारावर त्याचे नाव चढले. गिरणीत तीन पिढ्यांचा घाम मुरला, पण गिरणीचा सातबारा कोणी आपल्याला दाखवला नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. आपण पगार मागत होतो, बदलीवाल्याला कायम करा म्हणत होतो. त्या मागण्या रास्त होत्या. पण त्या वेळी ज्या वहीत गिरणीच्या जमिनीचा भाव दडलेला होता, ती वही आपल्या मागणीपत्रात नव्हती. २०१२ पासून घरांच्या सोडती निघाल्या, काहींना घर मिळाले, कित्येक वाट पाहता पाहता गेले. सोडत म्हणजे हक्क नव्हे. नशीब!

आणि १९८२ सालीच इथे पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. तिकडे भोंगे थांबले, इकडे शहर झाले. तुमच्यातल्या कित्येकांची पोरे इकडे आली, कोणी भोसरीला, कोणी आकुर्डीला, आता नातवंडे चाकणला. पण डोळे उघडे ठेवा. ज्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला कारखाने होते, तिथे आता उंच इमारती दिसू लागल्या आहेत. काम सरकते आहे चाकणकडे, तळेगावकडे. परळची गोष्ट इथेही पाय टाकू लागली आहे.

मग करायचे काय? रडायला ही सभा नाही. चार गोष्टी सांगतो.

पहिली. ताळेबंद वाचायला शिका. बाजारात नोंदलेल्या कंपनीचा वर्षाचा अहवाल भागधारकाला मिळतो, सभेला बसता येते, प्रश्न विचारता येतो. त्यासाठी दहा हजार शेअर लागत नाहीत. एक पुरतो! युनियनच्या प्रत्येक शाखेतल्या दोघा-चौघांनी आपल्या कंपनीचा एकेक शेअर घ्यावा. अहवाल आला की तीन ओळी शोधा: नव्या यंत्रांवर किती घातले, कर्ज किती वाढले, जमिनीबद्दल काय लिहिले. ज्याने तीन वर्षे यंत्रावर पैसा घातला नाही आणि जमिनीबद्दल सल्लागार नेमला, त्याने तुम्हांला नोटीस दिलीच आहे, फक्त फाटकावर लावलेली नाही.

दुसरी. शेअर विकणे आणि कारखाना विकणे यांतला फरक समजून घ्या. कारखानाच दुसऱ्याला विकला, तर नोकरी अखंड ठेवायची, अटी कमी करायच्या नाहीत, नाहीतर भरपाई द्यायची, असे कायदा सांगतो. पण नुसते शेअर हात बदलतात तेव्हा कायद्याच्या लेखी मालक बदललेलाच नसतो. कंपनी तीच! म्हणून तिथे कामगाराला कोणी विचारत नाही. आज शेअरवाल्याला संरक्षण आहे. कोणी शेकडा २५ ची रेषा गाठली, तर सेबीच्या २०११ च्या नियमांप्रमाणे त्याने आणखी शेकडा २६ शेअर घेण्याची उघड बोली लावावी लागते, म्हणजे लहान भागधारकालाही बाहेर पडायचा रस्ता मिळतो. तसा रस्ता साच्यापुढे उभ्या असलेल्याला का नसावा? कागदाचे वीस वर्षांचे नाते मोलाचे आणि हाताचे तीस वर्षांचे फुकट? ताबा बदलताना नोकऱ्यांबद्दल आणि जमिनीबद्दल लेखी करार कामगारांशीही झाला पाहिजे, ही आपली मागणी हवी.

तिसरी. फंडाचा आणि ग्रॅच्युइटीचा हिशेब दर वर्षी मागा, बंद पडल्यावर नव्हे. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्याने कंपनी मोडीत निघाली तर कामगारांची चोवीस महिन्यांची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीच्या पंगतीत बसतात आणि भविष्य निर्वाह निधी त्या वाटणीच्या बाहेर राहतो. चांगले आहे. पण पंगतीत बसायला नाव यादीत लागते आणि पावती हातात लागते. चाकणच्या कंत्राटी पोराचे नाव कोणाच्या यादीत असते? त्याच्या कंत्राटदाराच्या! कंपनी विकली जाते तेव्हा तो कोणाच्याच खिजगणतीत नसतो. त्याला युनियनमध्ये घ्या. तुमचाच नातू आहे तो.

चौथी. आयुर्विमा, फंड, बँका यांत आपला पैसा आहे. मुंध्रांच्या वेळी तोच होता, एस्कॉर्ट्सच्या वेळी तोच होता. कंपनीच्या सभेत त्या पैशाच्या नावाने कोणीतरी हात वर करतो. तो हात कोणाच्या बाजूने वर होतो, हे विचारायचा हक्क हप्ता भरणाऱ्याला आहे. विचारा! वर्तमानपत्रातून विचारा, आमदार-खासदाराला गाठून विचारा.

मनू छाब्रियांनी लॅमिंग्टन रोडच्या दुकानातून निघून शेकडो कोटींच्या कंपन्या घेतल्या, कारण जे मालकाला दिसत नव्हते ते त्यांना दिसले. दिसण्याची ही विद्या श्रीमंतांच्या घरची मिरास नाही. ती दुकानदाराला येते, तर साचेवाल्याला का येऊ नये? हजार टोकांतले एक तुटलेले टोक ज्याच्या नजरेला चालत्या साच्यावर दिसते, त्याला ताळेबंदातले तुटलेले टोक दिसणार नाही, हे मी मानत नाही.

तेव्हा उद्या सकाळी कामावर जाल, किंवा पोराला कामावर धाडाल, तेव्हा फाटकावरची पाटी कोणाच्या नावाची आहे एवढेच बघून थांबू नका. आत नवे यंत्र आले की मोजणीवाला आला, ते बघा. यंत्र आले असेल तर मन लावून काम करा आणि आपला वाटा मागा. मोजणीवाला आला असेल, तर त्याच संध्याकाळी सभा बोलवा.